मुळाच्या आतले

भाताचं एक मूळ नीट धुवायला मला सुरुवातीला अख्खी सकाळ लागायची. रोप उपटलं की मुळांबरोबर काळा चिखल येतो, त्याला कुजकट वास असतो. तो चिखल हलक्या हाताने झटकायचा, पण सगळा नाही. मुळांना अगदी लगटून राहिलेला पातळ थर तसाच ठेवायचा आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या बाटलीत तो वेगळा उतरवायचा. त्या थरात जिवाणू किती, आणि मुळांपासून हातभर लांबच्या मातीत किती, हे मोजणं ही माझी नोकरी होती.

साठ ते सत्तरच्या मधली ती वर्षं. मी सांगलीकडची. आमच्याकडे ज्वारी पिकायची आणि भात सणाला शिजायचा. पाण्यात उभं असलेलं पीक मी नोकरी लागेपर्यंत पाहिलंही नव्हतं. जिवाणूशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले होते, लग्न जमत नव्हतं, आणि भावाच्या घरात आता दोन मुलं झाल्यामुळे माझी खोली लागणार होती. कुणी मला जा म्हटलं नाही. पण पालघरच्या जागेची जाहिरात वहिनीनेच वर्तमानपत्रातून कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली होती.

भातशेतीच्या एका योजनेखाली पालघरला दोन खोल्यांची प्रयोगशाळा उघडली होती. एका खोलीत टेबल, एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या बशा आणि बल्ब लावून ऊबदार केलेली एक लाकडी पेटी. दुसऱ्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यावर ठेवायचं झाकणाला पेच असलेलं जाड पितळी भांडं, काचेच्या वस्तू निर्जंतुक करायला. माझे वरिष्ठ पुण्याला असत आणि महिन्यातून एकदा येत. एरवी तिथे मी एकटी. सकाळी कुलूप मी काढायची, संध्याकाळी मीच लावायची.

राहायला स्टेशनच्या पलीकडे एक खोली मिळाली होती. घरमालकीण चांगली होती, पण तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे आमचं बोलणं हातवाऱ्यांत आटपायचं. एका सोमवारी सकाळी मी भाजीवालीला भेंडीचा भाव विचारायला तोंड उघडलं आणि घशातून नुसता खरखरीत आवाज आला. मला वाटलं सर्दी झाली. मग लक्षात आलं की शनिवार दुपारनंतर मी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत मी मोठ्याने बोलायला लागले. "ही तिसरी बशी," "आता ज्योत कमी करू," असं. कुणी दारात आलं की गप्प व्हायची.

योजनेला दोन प्रकारची शेतं हवी होती. एक आमचंच, ज्यात कारखान्याचं खत पडायचं. दुसरं असं, की ज्यात ते कधीच पडलेलं नाही. चौकशी करता करता पाम गावातलं एक खाचर कळलं. ते एका बाईचं होतं. लावणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील तेव्हा मी पहिल्यांदा तिकडे गेले. बोईसरला उतरले. तेव्हा बोईसर म्हणजे स्टेशन, गवताच्या गंजी आणि तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर सिमेंट नेणारे ट्रक. तिथून मी छत्री धरून चालत निघाले. शेत सापडलं, आसपास कुणी दिसेना, म्हणून साडी खोचून आत उतरले आणि एका रोपाला हात घातला.

"कोनाला इचारून उतरली गं?"

बांधावर एक बाई उभी होती. पन्नाशीची, काटक, डोक्यावरून पाठीवर घोंगडीसारखं पानांचं इरलं. मी योजनेचं नाव सांगितलं, कागद दाखवला. कागदाकडे तिने पाहिलंही नाही.

"मावशी, एकच रोप हवंय. मुळं तपासायचीत."

"मुळं बगायला जितं रोप मारायचं?"

मी चिखलात गुडघाभर उभी होते आणि माझी एक चप्पल कुठेतरी खाली रुतून बसली होती. तिने ते पाहिलं असावं. ती खाली उतरली, माझ्या पोटरीला धरून पाय उपसून काढला, मग चिखलात हात घालून चप्पल काढली आणि बांधावर टाकली.

"रोज येशील?"

"आठवड्यातून एकदा. मंगळवारी."

"मंग मी देईन तेच रोप न्यायचं. मीच उपटीन. आनि जागा मोकळी ठेवायची नाय. तिथं दुसरं लावून जायचं."

असं ठरलं. तिने राबातली, म्हणजे लावणीसाठी पेरलेल्या वाफ्यातली, थोडी उरलेली रोपं एका कोपऱ्यात जगवून ठेवली होती. दर मंगळवारी ती एक रोप मुळांसकट अलगद सोडवून माझ्या डब्यात ठेवायची आणि त्या जागी मी नवं लावायची. पहिल्या खेपेला मी लावलेलं रोप लगेच तरंगलं. "अंगठा खाल घाल. त्याला पकड लागली पायजे," ती म्हणाली. तिसऱ्या मंगळवारी माझं रोप उभं राहिलं. मला भावाला पत्रात लिहावंसं वाटलं एवढा तो आनंद होता. लिहिलं नाही. काय लिहिणार, की मी चिखलात एक काडी खोचली आणि ती पडली नाही?

ती एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा केंद्राच्या बांधकामावर कामाला लागला होता आणि बायकोला घेऊन तिकडेच राहत होता. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांत कळलं, कारण आमचं बोलणं फार नसायचं. काम झालं की आम्ही बांधावर बसायचो. ती तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढायची. मी मासे खात नव्हते, हे सांगितल्यावर पुढच्या मंगळवारी चटणी लसणीची होती.

"तुजी मान्सं कुठं हायत?" तिने एकदा विचारलं.

"सांगलीकडे."

"लय लांब," ती म्हणाली, आणि भाकरीचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

मोजणीचं काम ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मुळांना चिकटलेल्या मातीत जिवाणूंची दाटी, लांबच्या मातीत विरळ वस्ती. हे पुस्तकात होतंच. मूळ जमिनीत काही गोड, काही आंबट पाझरवत असतं आणि त्याभोवती ही सूक्ष्म वस्ती गोळा होते. भात पाण्यात उभा असतो, चिखलात हवा नसते, पण पानांतून घेतलेली हवा तो मुळांपर्यंत पोचवतो. त्या हवेने चिखलातलं लोह गंजतं, म्हणून काळ्या चिखलातून काढलेल्या मुळांवर तांबूस गंजासारखा लेप दिसतो. तो लेप मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पाहत राहिले होते. पाण्याखाली, अंधारात, त्या झाडाने आपल्यापुरती श्वास घेण्याची जागा करून घेतली होती.

मोजणीसाठी तुलनेला एक कोरी बशी लागायची. म्हणजे मूळ आधी स्वच्छ धुवायचं, मग रसकापुराच्या विषारी पाण्यात बुडवून बाहेरचे सगळे जिवाणू मारायचे, पुन्हा पुन्हा निर्जंतुक पाण्याने धुवायचं, आणि मग ते मूळ खलून बशीत पसरायचं. बाहेरचं सगळं मेलं, तर बशी कोरी राहायला हवी. आमच्या शेतातल्या मुळांची बशी बहुतेक वेळा कोरी असायची. पामच्या मुळांची राहीना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्यावर बारीक, ओलसर, फिकट पिवळे ठिपके उगवायचे, एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंची एक वस्ती.

पहिल्यांदा मी स्वतःला दोष दिला. दुसऱ्यांदा काच बदलली. तिसऱ्यांदा स्टोव्हवर भांडं दुप्पट वेळ ठेवलं. ठिपके आलेच. मग मी शेवटच्या धुण्याचं पाणीही एका बशीत घातलं. ती बशी कोरी राहिली. अख्खं मूळ, न कापता, दुसऱ्या बशीवर नुसतं घासलं. तीही कोरी. कापून खललेलं मूळ मात्र ठिपक्यांनी भरलं. म्हणजे जे काही होतं ते बाहेरून आलेलं नव्हतं. आतच राहत होतं. आणि रोप तर निरोगी होतं. हिरवंगार, पोटरीत आलेलं, लोंबी फुटायच्या बेतात.

पुण्याचे साहेब आले तेव्हा मी सगळ्या बशा ओळीने मांडून ठेवल्या. ते उंच, वाकलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. माझ्याशी कधी वावगं वागले नाहीत. त्यांनी बशा एकेक करून उजेडाला धरल्या आणि विचारलं, "हात धुतले होते का?"

"हो, साहेब."

"बाई, मुळाच्या आत जिवाणू म्हणजे रोग. रोग नसेल, तर मग निष्काळजीपणा. तिसरं काही मला माहीत नाही." त्यांनी बशा बाजूला सारल्या. "या मोजणीतून गाळा."

ते गेल्यावर मी बशा धुवायला घेतल्या आणि धुवू शकले नाही. रागापेक्षा वेगळंच काहीतरी होतं ते. घरी परतताना वाटेवरची माणसं पाहत होते. कुणाला थांबवून सांगावं, की मी एक गोष्ट पाहिली आहे आणि ती खरी आहे? त्याआधी मी एकटी होते, पण ते एकटेपण कळण्यासारखं होतं, घरापासून लांब असलेल्या कुणाचंही असतं तसं. हे निराळं होतं. जे आपण पाहिलं ते दुसऱ्या कुणीच पाहिलेलं नाही, आणि दाखवलं तरी ते दिसत नाही.

पुढच्या मंगळवारी मी बांधावर गप्पच बसले होते. मावशीने विचारलं, "आजारी हायस?" मी नाही म्हटलं आणि मग सगळं सांगत सुटले. रसकापूर, बशा, ठिपके, साहेब. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मला दाखीव."

आणि ती खरोखर आली. दोन दिवसांनी, दुपारी, धुतलेलं लुगडं नेसून, पालघरला. चपला दाराबाहेर काढून ठेवल्या. मी ठिपक्यातला कण पाण्याच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तिला स्टुलावर बसवलं. तिला एक डोळा मिटता येईना. दोन्ही मिटायचे. शेवटी मी मागे उभी राहून तिच्या एका डोळ्यावर माझा तळवा ठेवला. तिचं कपाळ उन्हाने तापलेलं होतं. तेव्हा माझ्या मनात आलं, की घर सोडल्यापासून मी आपण होऊन कुणालाच हात लावला नव्हता.

ती खूप वेळ पाहत राहिली.

"हलतायत," ती म्हणाली.

"हो."

"ही माज्या शेतातली?"

"तुमच्या रोपाच्या मुळातली. आतली."

"मंग त्यांना भायेर कशाला काढलंस?"

मी हसले. ती हसली नाही. पुन्हा डोळा लावून म्हणाली, "यांना खायाला कोन घालतं?"

"मूळच घालत असेल."

"असेल म्हंजे? तुला ठावं नाय?"

"नाही, मावशी."

"तुज्या सायबाला?"

"त्यांना वाटतं, हे नाहीतच."

ती स्टुलावरून उतरली, पदर सारखा केला. "त्याला हतं बसीव. त्याच्या हातानं करू दे. माज्यावानी." जाताना तिने पिशवीतून चार पडवळं काढून टेबलावर, बशांच्या शेजारी ठेवली. तिला स्टेशनवर पोचवून परत येताना मी मनाशी वाक्य जुळवत होते.

साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा मी ते वाक्य म्हटलं. "साहेब, या वेळी मूळ तुम्ही धुवाल का? मी कशालाच हात लावणार नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नोकरी गेली. पण त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि स्टोव्ह पेटवला. किती वर्षांनी ते स्वतःच्या हाताने हे काम करत होते कोण जाणे, पण हात सराईत होते. माझ्यापेक्षा सफाईदार. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बशा तयार झाल्यावर त्यांनी झाकणांच्या कडेवरून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येक पट्टीवर सही केली.

महिन्याने यायचे ते साहेब त्या वेळी आठवड्यातच आले, न कळवता. कोट न काढताच पेटीपाशी गेले. पट्ट्या फाडल्या. कापलेल्या मुळाच्या दोन्ही बशांवर फिकट पिवळे ठिपके होते.

त्यांनी त्या दोन्ही उजेडाला धरल्या. मग म्हणाले, "माझेही हात घाण निघाले म्हणायचे."

त्यांनी खुर्ची ओढली आणि मलाही बसायला सांगितलं. आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर बसलो होतो.

"अहवालात हे जाणार नाही," ते म्हणाले.

"का, साहेब?"

"योजना मातीची आहे. मुळाच्या आत काय आहे हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही. आणि विचारलं, तर पुढचे प्रश्न येतील. कुठल्या पेशीत राहतात, काय करतात, झाडाला देतात काय. या दोन खोल्यांत बसून त्याचं उत्तर तुम्ही देऊ शकत नाही, मीही नाही. मग लोक हेच म्हणतील, जे मी तुम्हाला म्हटलं." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मीही एकदा तरुणपणी असंच एक पाहिलं होतं. मग कामं लागली."

काय पाहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी नोंदवही मागवली, त्या दिवसाच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, "मुळाच्या आत वाढ आढळली. स्वतः पाहिली. पुन्हा तपासावे." खाली सही केली. ती वही पुढे कुठल्या कपाटात गेली मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी खोलीवर जाऊन घरमालकिणीला हातवाऱ्यांनी सांगितलं की आज मी खुश आहे. ती समजली की माझं लग्न ठरलं, आणि तिने साखर दिली. मी ती खाल्ली.

कापणी उरकल्यावर योजना बंद झाल्याचा कागद आला. माझी बदली अकोल्याला, कापसाच्या कामावर. मी पामला सांगायला गेले तेव्हा खाचर रिकामं होतं. पाणी कधीच ओसरलं होतं, भेगाळू लागलेल्या जमिनीत नुसती खुंटं उभी होती. मावशी घरात भांडी बांधत होती.

"पोरगा न्यायला येतो," ती म्हणाली. "मला ताप येऊन गेला. एकटी नको म्हनतो. शेत दिराला देते अर्धेलीनं. तो खत घालील."

"मग?"

"घालू दे. त्याचं पोट हाय."

मी माझ्या बदलीचं सांगितलं. अकोला कुठे ते तिला माहीत नव्हतं. सांगलीपेक्षाही लांब, असं म्हटल्यावर तिने मान हलवली. आम्ही शेतापर्यंत चालत गेलो, तसं काही कारण नव्हतं. तिथे ती खाली बसली, एका खुंटाभोवतीची माती बोटांनी उकरली आणि विचारलं, "ही आतली. कापल्यावर मरत असतील, नाय?"

"मला माहीत नाही."

तिने ते खुंट मुळांसकट उपटलं, माती झटकली, जशी मी झटकायची तशीच, सगळी नाही. माझ्या हातात दिलं. "ने. बग."

पुढचे चार दिवस माझ्याकडे सामान बांधायचं काम होतं. तरी मी स्टोव्ह पेटवला, मूळ धुतलं, रसकापुरात बुडवलं, खललं. अकोल्याची गाडी पकडायच्या आदल्या दिवशी बशी उघडली. ठिपके होते. कमी होते, पण होते. कापून दोन-तीन आठवडे झालेल्या, वाळत चाललेल्या मुळात ते जिवंत होते.

हे कळवायचं कुणाला? मावशी मुलाकडे गेली होती आणि त्याचा पत्ता मी विचारलाच नव्हता. तिला वाचताही येत नव्हतं. तरी मी पामच्या पत्त्यावर, दिराच्या घरी देण्यासाठी म्हणून, एक कार्ड टाकलं. "जिवंत आहेत," एवढंच लिहिलं. आता वाटतं, ज्याच्या हाती ते पडलं असेल त्याने काय अर्थ लावला असेल!

तिच्या रोपाच्या मुळातले जिवाणू मी काचेच्या दोन नळ्यांत घालून अकोल्याला नेले. कपाशीच्या कामातून वेळ काढून महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना ताज्या माध्यमावर, म्हणजे नव्या खाद्यावर, हलवायची. कुणी विचारलं तर "जुनं काहीतरी" म्हणायची. काही वर्षं ते टिकले. मग एका उन्हाळ्यात मी भावाच्या आजारपणासाठी गावी गेले आणि परतले तेव्हा दोन्ही नळ्यांतलं माध्यम वाळून चामड्यासारखं झालं होतं. पाणी घालून पाहिलं. काही उगवलं नाही. त्या नळ्या मी धुतल्या आणि रॅकवर इतर नळ्यांत ठेवून दिल्या.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना एका परिषदेत मी मागच्या रांगेत बसले होते. व्याख्याता तरुण होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. पडद्यावर त्याने भाताच्या मुळाचा छेद दाखवला आणि आत, पेशींच्या मधल्या जागांत, दाटीने बसलेले जिवाणू. त्यांना आता नाव होतं. मूळ त्यांना काय खायला देतं आणि ते झाडाला काय देतात, हेही तो सांगत होता. साध्या आवाजात, सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगाव्यात तसा.

व्याख्यान संपल्यावर मी त्याच्यापाशी गेले आणि दोन प्रश्न विचारले. त्याने मन लावून उत्तरं दिली. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही या विषयात काम केलंय का?"

"थोडंसं. खूप पूर्वी. पालघरला."

"पालघरला?" तो उत्सुकतेने म्हणाला. "मला माहीतच नव्हतं. तिथे कोण कोण होतं तेव्हा?"

मी सांगायला तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी हे ठरवत होते, तेवढ्यात त्याला कुणीतरी चहासाठी हाक मारली. "एक मिनिट हं, मॅडम, आलोच," म्हणून तो गेला. मी तिथेच थांबले. पडद्यावरचं चित्र अजून कुणी बंद केलेलं नव्हतं, आणि समोर जाऊन ते मला अगदी जवळून पाहता आलं.